माणसं न मोजणारा गोवर्धन

गोवर्धनकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते गुरुकुंज मोझरीला, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर. तोवर तो माझ्या चौथीच्या वर्गातला, तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसणारा एक गप्प मुलगा होता. मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. आमची शाळा मोझरीपासून आठ किलोमीटरवर, जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. त्रेचाळीस मुलांना बैलगाड्यांत बसवून आश्रम दाखवायला नेलं होतं. परत निघायला अंधार पडू लागला. मी मुलांना रांगेत उभं केलं आणि डोक्यांवर हात ठेवत मोजलं. त्रेचाळीस. पुन्हा मोजलं. त्रेचाळीस.

"बाई, एक कमी हाये," गोवर्धन म्हणाला.

"बरोबर आहेत रे. दोनदा मोजले मी."

"एक कमी हाये. आन् एक जास्त हाये."

त्यानं बोट दाखवलं ते माझ्या डाव्या हाताकडे. सगळ्यांत लहान दिसला म्हणून ज्या मुलाचा हात मी मघापासून धरून ठेवला होता, तो आमचा नव्हता. पांढरा सदरा, खाकी चड्डी, आमच्याच मुलांसारखा. मी खाली वाकून चेहरा बघितला तरी त्यानं हात सोडवून घेतला नाही, रडलाही नाही. कुठेही नेलं असतं तरी आला असता. दर्शनाला आलेल्या कुणा बाईचा तो मुलगा होता. ती तिकडे फाटकापाशी वेड्यासारखी शोधत होती. आणि आमची सुभद्रा प्रार्थनामंदिरामागच्या ओट्यावर दप्तर उशाला घेऊन गाढ झोपली होती. ती तिथेच राहिली असती.

गाडीत मी गोवर्धनला विचारलं, "तू मोजलंस कधी?"

"म्या नाही मोजलं, बाई. मले दिसते."

ही गोष्ट गावात पोहोचायला रात्रही लागली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची आई, माणिकबाई, शाळेत आली. उंच, काटक बाई. पदरात बांधून आणलेली संत्री तिनं टेबलावर मोकळी केली आणि उभ्यानंच म्हणाली, "बाई, याले माणसं मोजू देत नोका जाऊ."

"का हो? त्याच्यामुळे तर पोरगी सापडली."

"सापडली, चांगलं झालं. पन मागच्या दिवाळीले हा पंगतीत बसल्या बसल्या म्हने, माय, आपन अकरा जन हावो. आठ दिवसांत माही सासू गेली. दहा उरलो. झाडं मोजा, फळं मोजा, ढोरं मोजा. माणसं मोजत नसतात, बाई."

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या, हे मला माहीत होतं. मी विज्ञान शिकवायची. चार शब्द बोलायला हवे होते, पण त्या बाईच्या डोळ्यांत इतकी खरी भीती होती की मी नुसती मान हलवली. तिनं गोवर्धनला वर्गातून बोलावलं, माझ्यासमोर स्वतःच्या पायांना हात लावायला लावला आणि शपथ घ्यायला लावली. दहा वर्षांच्या पोरानं ती घेतली, आणि पुढे अडतीस वर्षं पाळली.

माणिकबाईचे असे बरेच नियम होते. दिवेलागणीला उंबऱ्यावर बसायचं नाही. तुटलेला तारा बोटानं दाखवायचा नाही. आणि सगळ्यांत कडक नियम हाकेचा. रात्री बाहेरून एक हाक आली तर ओ द्यायची नाही. दुसरी आली तरी नाही. तीन हाका आल्या तरच समजायचं की माणूस आहे. "एका हाकेचं जे असते ना, ते माणूस नसते," असं ती सांगायची. तिच्या दोन्ही मुलांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की धाकटा मनोज शाळेत माझ्याही पहिल्या दोन हाकांना उत्तर देत नसे. त्यात मात्र नियमापेक्षा लबाडी जास्त होती.

गोवर्धन दहावीनंतर शिकला नाही. घरचा संत्र्याचा बगीचा होता, साडेतीनशे झाडं. बाप उत्तमराव त्यातच जगला. पण गोवर्धनचं नाव झालं ते दुसऱ्यांच्या बगीच्यांत. झाडावरचा माल विकत घेणारे व्यापारी त्याला सोबत नेऊ लागले. तो झाड पाहायचा आणि फळांचा आकडा सांगायचा; तोड झाल्यावर मोजलं की दहा-पंधरा फळांचा फरक निघायचा. एकदा वरुडकडच्या एका बगीच्यात मी त्याचं काम पाहिलं. तो वर बघतच नव्हता. भर दुपारी झाडाला एक फेरी घातली, बुंध्यावर हात ठेवला आणि खाली जमिनीकडे पाहत राहिला.

"फळं वर आहेत रे," मी म्हटलं.

"वर पानं फसवतात, बाई. सावली फसवत नाही. भरल्या फांदीची सावली जड पडते."

माणसं मात्र त्यानं पुन्हा मोजली नाहीत. मुलं किती, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आरती हाये, पियुष हाये." लग्नात पंगतीच्या पत्रावळी मोजायचं काम त्याच्याकडे आलं तर तो पत्रावळी मोजायचा, बसलेल्यांकडे पाठ करून. गाव हसायचं. मनोज सगळ्यांत जास्त हसायचा.

मी निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आले, तरी संत्र्याच्या दिवसांत एक पेटी आणि एक फोन ठरलेला असे. त्या फोनांमधूनच मला कळत गेलं की माणिकबाई विसरू लागली आहे. आधी चष्मा, मग दूध उतू जाणं, मग माणसं. गोवर्धनचं नाव ती पुरतं विसरली. त्याला 'अरे बापू' म्हणायची, आणि कधी नवरा समजून 'अवो' म्हणायची. उत्तमराव जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. संत्री पिकली की तो राखणीला बगीच्यातच मुक्काम करायचा, आणि चाळीस वर्षं दिवेलागणीला माणिकबाई त्याची भाकर घेऊन पायवाटेनं जायची. डोक्यातलं सगळं पुसलं, पण ही वाट पुसली नाही. अंधार पडू लागला की ती फडक्यात भाकर बांधायची आणि निघायची. एकदा पाटाच्या काठाशी सापडली, एकदा डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या उजेडात उभी.

गोवर्धन बाहेरगावी गेला की त्याचा जीव घरी अडकलेला असे. मनोजचं म्हणणं एकच होतं, आईला बहिणीकडे पातूरला पाठवायचं. दोघांची बहीण सत्यभामा तिथे फुलशेती करते. घराला कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे. गोवर्धन ऐकत नव्हता. शेवटी दोघा भावांनी ठरवलं, बाईंना बोलावू, त्या म्हणतील तसं.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. बगीच्यात रोडग्यांच्या जेवणाचं निमित्त होतं. मोझरीच्या फाट्यावर मनोज मोटारसायकल घेऊन उभा होता.

"घट्ट धरा बरं, बाई. आमच्या रोडवर मानूस बसते एकीकडं अन् उतरते तिसरीकडं."

बगीच्याजवळ आल्यावर तो नेहमीच्या बाजूनं न वळता पाटावरून लांबचा फेरा घेऊन गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जुनी पायवाट गेली. श्रावणातल्या पाण्यानं इहिरीचा काठ धसला, वाटच गिळून टाकली तिनं. कठडा तं पयलेच नव्हता. जाळी बसवा लागते, पन दादाले टाइम भेटते का?"

बगीच्यात आम्ही चौघं होतो. गोवर्धन, त्याची बायको सीमा, मनोज आणि मी. आरती आणि पियुष अमरावतीला शिकायला. माणिकबाईला घरीच ठेवलं होतं, शेजारच्या मैनाबाईला सोबतीला बसवून. गवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायला पुरले होते, तीन दगडांवर वांग्याची भाजी रटरटत होती. गावाकडून प्रार्थनेचे सूर येऊन थांबले होते. चंद्र नव्हता. झाडांच्या चुना लावलेल्या बुंध्यांच्या रांगा तेवढ्या अंधारात दिसत होत्या, पांढरी धोतरं नेसून माणसं बसावीत तशा.

"बाई, तुमीच सांगा आता याले," मनोजनं विषय काढला. "बुढीले पातूरले पाठवाव का नाही? इथं कोन हाये? हा महिन्यातले पंधरा दिवस वरुडले, वहिनी वावरात, अन् मी बिनकामाचा."

"तुमी बिनकामाचे हे सांगाले बाईयले कायले बलावलं, भाऊजी? गावाले मालूम हाये," सीमा म्हणाली.

गोवर्धन काडीनं आर सारखा करत होता. "मोजून दिवस उरले तिचे. तिले कुलपात ठेवू?"

"तू मोजत नसतं ना?" मनोज म्हणाला.

"दिवस मोजतो. माणसं नाही."

मी त्याला समजावलं. पातूर काही परदेश नाही, थंडीपुरती जाऊ दे, सत्यभामा तिची लेकच आहे. आता तिसऱ्यांदा ती कुठे सापडेल आणि कशी सापडेल, कुणी सांगावं? गोवर्धननं हातातली काडी आरात टाकली. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं... येऊ द्या सत्यभामाले इतवारी."

ठरलं. मनोजनं पहिला रोडगा उकरला. आणि तेव्हा उजेड पडला.

पाठीमागून पडला. आधी मला वाटलं, पाटावरून कुणी गाडी घेऊन आलं. पण तो पिवळा नव्हता, हिरवट पांढरा होता, आणि वाढतच गेला. झाडावरचं एकेक संत्रं दिसलं, रंगासकट. समोरच्या बुंध्यांवरचे चुन्याचे ओघळ दिसले. मी वळून पाहिलं. नैऋत्येकडून एक गोळा येत होता, विहिरीच्या बाजूनं, झाडांच्या शेंड्यांपेक्षा थोडासाच वर. मागे शेपूट, शेपटीतून ठिणग्या गळत होत्या. आवाज अजिबात नव्हता. एवढं मोठं काहीतरी डोक्यावरून जातं आहे आणि रटरटणारी भाजी ऐकू येते आहे, हे मला सहन होईना. सीमानं पदर डोक्यावर ओढला. मनोज तोंड उघडं टाकून वर बघत होता, हातात रोडगा तसाच. गोळा पूर्वेला गेला, त्याचे तीन तुकडे झाले, आणि विझला.

नंतरचा अंधार आधीच्या अंधारापेक्षा दाट होता. डोळ्यांपुढे हिरव्या रेघा नाचत होत्या. गावातली कुत्री एकाएकी गप्प झाली होती.

"तुटला," सीमा कुजबुजली. "केवढा तुटला."

सवयीनं मी मनात आकडे म्हणू लागले होते. वीज चमकली की गडगडाटापर्यंत मोजायला मी मुलांना शिकवायची तसे. एकशे चाळीसच्या पुढे गेल्यावर आवाज आला. कुठेतरी दूर, जमिनीखालून कुणी फार मोठं दार लोटलं असावं तसा. भाजीवरचं झाकण थरथरलं. आणि सगळ्या बगीच्यात, अंधारात, पिकलेली संत्री गळू लागली. टप्. टप्. मग थांबून आणखी एक.

"सात," गोवर्धन म्हणाला.

"पाह्यलं का दादा? बाप्पा बाप्पा! मोबाइलात घ्याचं राहूनच गेलं," मनोज म्हणाला.

"म्या वर नाही पाह्यलं."

"मंग काय पाह्यलं?"

तो उत्तर देणार, तेवढ्यात हाक आली.

"गोवर्धनाऽ"

विहिरीच्या बाजूनं. बाईचा आवाज, मोकळा, भरदार. बांधावरून जेवायला बोलवावं तसा. तो माणिकबाईचा आवाज होता. मी तो चाळीस वर्षं ऐकला आहे. आम्ही चौघांनीही ऐकला.

गोवर्धन उठला. सीमानं त्याचा सदरा धरला. "ओ देऊ नोका."

"माय हाये ते."

"माय नाही. माय घरी हाये. अन् माय तुमचं नाव इसरली, दोन वर्सं झाले. एकदा तरी घेतलं का तिनं? मंग हे कोन घेऊन राहिलं तुमचं नाव?"

आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो. मनोजचा हात खिशाकडे गेला, त्यानं मैनाबाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून गल्लीतला गलका ऐकू आला. सगळं गाव रस्त्यावर आलं होतं.

"मैनाकाकू, बुढी कुठं हाये?"

"झोपली ना बाप्पा. म्या आताच दारातून पाह्यलं. गोधडी घेऊन झोपली, हललीबी नाही. तुमी पाह्यलं का रे वर काय होतं ते?"

मनोजनं फोन बंद केला. आता त्याच्याही आवाजातली मस्करी गेली होती. "दादा, बस खाली. बुढी घरी हाये. तीन हाका येऊ दे. तिनंच सांगतलं ना आपल्याले."

दुसरी हाक आली नाही. मी मुलांना आयुष्यभर सांगत आले की भूत नसतं. उल्का म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवलं आहे. पण हे मला लिहिलंच पाहिजे, की त्या अंधारात मीही ओ दिली नाही. मीही तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसले होते.

गोवर्धन उभाच होता. मग तो हळू आवाजात, दर शब्दाला थांबत बोलू लागला. धान्य मापताना, फळं मोजताना आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तो तसंच मोजत होता.

"लाभ, मी. दोन, सीमा. तीन, मनोज. चार, बाई." जरा थांबला. "उजेड पडला तवा सावल्या ह्या बुंध्यायवरून फिरल्या. डावीकून उजवीकडं. लाभ, दोन, तीन, चार." पुन्हा थांबला. "अन् पाच."

"काय पाच?" मनोज जवळजवळ ओरडला.

"पाचवी सर्व्यायच्या मांगून आली. लांब होती. उभी होती, मंग बसली. तिच्या हातात कायतरी होतं."

अडतीस वर्षांनी त्यानं माणसं मोजली होती. सीमानं सदरा सोडला. मला वाटतं, त्या हाकेपेक्षा त्या मोजण्यालाच ती जास्त घाबरली.

"कोनाची सावली?" तिनं विचारलं. "कोन जाईन आता आपल्यातून?"

गोवर्धननं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं विहिरीकडे तोंड केलं आणि एकाच हाकेला, दुसरीची वाट न पाहता, पूर्ण छातीतून ओ दिली.

"ओऽ माय! आलो! हलू नोको!"

तिकडून काही आलं नाही. तो धावला. टॉर्च मनोजकडे होती, मनोज त्याच्यामागे, आम्ही दोघी त्यांच्यामागे, झाडांना हात लावत. त्या बाजूला झाडं संपतात आणि मोकळी जागा लागते. मनोजनं उजेड टाकला आणि जागीच थांबला.

माणिकबाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. आमच्याकडे तोंड, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. तिच्या आणि आमच्या मध्ये विहीर होती. तिच्यापासून दोन हातांवर जमीन संपत होती. जुनी पायवाट तिच्यामागून येऊन तिच्या गुडघ्यांपुढे काळ्या पोकळीत उतरली होती. आमच्याच धावण्यानं असेल, काठाचं एक ढेकूळ सुटलं आणि बऱ्याच वेळानं पाण्यात वाजलं.

गोवर्धन लांबून वळसा घालून, शेवटी गुडघ्यांवर रांगत तिच्या मागून गेला आणि दोन्ही हातांनी तिला कवेत घेऊन मागे ओढलं.

"हळू," ती म्हणाली. "त्यायचं जेवन सांडन."

"माय, इथं काहून बसली तू?"

"वाट कुठं गेली रे? रोजची वाट माही. पाय टाकनारच होती, तं दिवस उगवला. पायते तं समोर इहीर. मंग बसली. म्हटलं, पुन्हा दिवस उगवन तवा उठीन."

"अन् हाक मारली ते बरं केलं," मनोज म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. टॉर्चच्या उजेडात तिचा चेहरा अगदी शहाणा दिसत होता, शाळेत संत्री घेऊन आली होती तेव्हासारखा.

"म्या कायले हाक मारू?" ती म्हणाली. "राती हाक मारत नसतात."

मनोजनं तिला पाठुंगळीला घेतलं. थोडं चालल्यावर त्याला काहीतरी बोलायचंच होतं, म्हणून म्हणाला, "बुढी, तू तं रोडग्यापेक्षाही हलकी झाली वं." ती त्याच्या खांद्यावर झोपली होती. सीमा सगळ्यांत मागे चालत होती आणि मागे वळून बघत नव्हती.

घरी मैनाबाई दारात उभी होती, रडत. मालिका बघता बघता तिचं लक्ष गेलं नव्हतं, माणिकबाई मोरीच्या दारानं निघून गेली होती. खाटेवर गोधडीचा ढीग होता. दारातून पाहिलं तर कुणालाही वाटलं असतं की आत कुणीतरी झोपलं आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर तो गोळा फिरत होता. कुणी उपग्रह म्हणालं, कुणी विमान. मी गोवर्धनला समजावलं, उल्का असते, दगड असतो, हवेत घासून पेटतो, आपोआप येतो आणि आपोआप विझतो.

"असंन, बाई," तो म्हणाला. "पन टायमावर आला."

हाकेबद्दलही मी माझ्यापुरतं उत्तर काढलं. तिनंच मारली असणार. भीतीनं जुनं नाव आठवलं असेल, आणि मारल्यावर ती विसरली असेल. दुपारी काय जेवली तेही तिला आठवत नाही. हे उत्तर बरोबर असावं. मी ते सीमाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाज तिचा होता बाई, पन तरन्यापनचा."

ठरल्याप्रमाणे सत्यभामा रविवारी आली आणि आईला पातूरला घेऊन गेली. ह्या प्रसंगानंतर कुणाला काही बोलायला जागा नव्हती, मलाही नाही. आठ दिवसांनी सत्यभामाचा फोन आला. आई जेवत नव्हती. संध्याकाळ झाली की भाकर बांधून कुलपाशी उभी राहायची आणि कुलूप हातात धरून रात्रभर तशीच. शेवंतीच्या वाफ्यांमधून तिला फिरवून आणलं तर म्हणायची, ही झाडं आपली नाहीत. नवव्या दिवशी गोवर्धन तिला आणायला गेला.

त्या परतीच्या प्रवासाची गोष्ट मला गोवर्धननं नाही, खुद्द कंडक्टरनं सांगितली. तो माझा जुना विद्यार्थी. अकोल्याच्या स्टँडवर हे दोघं त्याच्या गाडीत चढले.

"किती?" त्यानं विचारलं.

"एक माहं, एक मायचं," गोवर्धन म्हणाला.

"म्हणजे दोन ना?"

गोवर्धननं खिडकीशी बसलेल्या आईकडे पाहिलं. "तुमी म्हना," तो म्हणाला.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं विहिरीला कठडा बांधला आणि वर लोखंडी जाळी बसवली. आता तो वरुडला मुक्कामी जात नाही. दिवे लागायच्या आत घरी परतता येईल एवढ्याच अंतरावरचे बगीचे पाहतो, त्यामुळे अर्धे व्यापारी तुटले. रोज संध्याकाळी माणिकबाई भाकर बांधते, तो तिचा हात धरून नव्या वाटेनं बगीच्यात जातो, तिथे झाडाखाली बसून ती भाकर स्वतः खातो, आणि दोघं परत येतात. तिला आता अठ्ठ्याहत्तरावं आहे. त्याचं नाव तिला अजून आठवलेलं नाही.

गेल्या महिन्यात आरती अमरावतीला माझ्याकडे आली होती. ती सांगत होती, बाबा आता रात्री पहिल्याच हाकेला ओ देतात, कुणाचीही असो. कधी कधी तर घरात कुणीच हाक मारलेली नसते. तरी ते ओ देतात, टॉर्च घेऊन उठतात, आजीची खाट बघतात, आणि परत येऊन झोपतात.